जावळ किती बारीक? लोकरीच्या तंतूवर लेझर: प्रकल्प नोंदी

२ जुलै २०२४, सातारा

तिसऱ्या वर्षाच्या गटाचा विषय एकदाचा ठरला. आधी सोलर कुकर आला, मग मोबाइलवरून चालू होणारा पंप आला. हे दरवर्षी येतं आणि एका वहीतून दुसऱ्या वहीत जातं. शेवटी म्हसवडकडच्या विद्यार्थिनीनं घरचाच प्रश्न काढला. तिच्याकडे मेंढरं आहेत. जावळाची घोंगडी, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, अंगाला टोचत नाही. मोठ्या मेंढराची टोचते. जावळ मऊ असतं हे माण तालुक्यात कुणीही सांगेल. मऊ म्हणजे किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), ते मोजायचं.

दोन्हींचे तंतू तिनं डबीतून आणलेच होते. लगेच स्क्रू गेज लावून बघितलं. एकाला ०.०३ मिमी, दुसऱ्याला ०.०४. लघुतम मापच ०.०१, म्हणजे १० मायक्रॉन. अख्खा फरक एका घरात संपतो. त्यात लोकर जबड्यात चेपते, आणि रॅचेट कुणी किती फिरवला यावर उत्तर सरकतं. स्क्रू गेज बाद. लेझर घ्यायचा.

४ जुलै

फळ्यावर तासभर. केसासारख्या बारीक तंतूवर लेझर टाकला की भिंतीवर नुसती सावली पडत नाही. मधे झगझगीत ठिपका, आणि दोन्ही बाजूंना उजेड-अंधाराच्या पट्ट्यांची रांग. तंतू उभा धरला तर रांग आडवी. तंतू जितका बारीक तितक्या पट्ट्या लांब लांब पसरतात. मोजायला हेच सोयीचं: वस्तू लहान होते तसं भिंतीवरचं अंतर मोठं होतं.

मुलांचा प्रश्न रास्त होता. पुस्तकात सूत्र फटीचं आहे, तंतू म्हणजे फट नव्हे, उलट अडथळा आहे. याचं उत्तर बाबिने या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं १८३७ मध्ये दिलं. फट आणि तिच्याच रुंदीचा अडथळा यांचं विवर्तन, म्हणजे कडेवरून प्रकाशाचं असं पसरणं, सारखंच दिसतं, फक्त सरळ समोरचा ठिपका सोडून. कारण दोन्हींकडून येणाऱ्या लाटांची बेरीज केली तर काहीच अडलेलं नाही असं होतं, आणि न अडलेला प्रकाश सरळ जातो. म्हणजे बाजूला जो प्रकाश फटीमुळे येतो तेवढाच, फक्त उलट्या कलेत (लाटेचा चढ तिथं उतार), अडथळ्यामुळे यायला हवा. डोळ्याला कला कळत नाही, तीव्रता कळते. म्हणून फटीचं सूत्र जसंच्या तसं चालतं.

लोकरीवर हा प्रयोग लेझरच्या कितीतरी आधी झालेला आहे, हे मुलांना ठाऊक नव्हतं. थॉमस यंग या इंग्लिश शास्त्रज्ञानं १८१३ मध्ये एरिओमीटर नावाच्या उपकरणाचं वर्णन केलं. छोट्या भोकातून येणारा दिव्याचा उजेड, समोर लोकरीचा पुंजका, आणि उजेडाभोवती दिसणारी रंगीत कडी. कड्याच्या मापावरून तंतूची जाडी. त्यानं याच युक्तीनं रक्तातल्या पेशीही मोजल्या. आमच्याकडे फक्त दिवा बदलला आहे.

९ जुलै

मांडणी. लाल पॉइंटर, वर ६५० नॅनोमीटर छापलेलं. बटण दाबून ठेवायला कपड्याचा चिमटा. सेल उतरले की ठिपका मंद होतो, म्हणून ३ व्होल्टचा अॅडॉप्टर जोडला. तंतूपासून भिंतीपर्यंत २.५० मीटर, टेपनं दोनदा मोजून. भिंतीवर आलेख कागद, आणि मधल्या ठिपक्याच्या जागी काळी पट्टी, नाहीतर त्याच्या झगमगाटात पहिली काळी जागा धुऊन जाते. पॉइंटरची भिंग-टोपी फिरवून ठिपका भिंतीवर होईल तितका बारीक केला.

तंतू धरायला जुन्या लग्नपत्रिकांच्या चौकटी कापल्या. चांगला जाड पुठ्ठा, फुकट, आणि मागच्या बाजूला नमुना क्रमांक लिहायला जागा.

एका मुलानं हिरवा पॉइंटर आणला होता, यात्रेत घेतलेला. तो परत पाठवला. हिरव्यात आतून ८०८ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश एका स्फटिकात जाऊन १०६४ होतो आणि दुसऱ्यात त्याचा ५३२ होतो. स्वस्त मालात अवरक्त अडवणारी काच बरेचदा नसतेच. जे दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. लालसाठीसुद्धा नियम लावले: किरण कमरेच्या उंचीवर, कुणी खाली वाकून त्याच्या रेषेत डोळा आणायचा नाही, हातात घड्याळ-कडं नाही.

१२ जुलै

पॉइंटरवर छापलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून तरंगलांबी मोजून घेतली. साधन: जुनी सीडी. तिच्या मार्गिकांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. ३० सेंमीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या भोकातून किरण सरळ सीडीवर, आणि परत आलेले दोन बाजूंचे ठिपके पुठ्ठ्यावर. ठिपक्यांमधलं अंतर २६.८ सेंमी. इथं कोन २४ अंशांचा आहे, त्यामुळे साइनच्या जागी टॅन घालून चालत नाही; दोघांनी घातला आणि ७०० च्या वर गेले. नीट काढल्यावर ६५२ नॅनोमीटर.

आता रोजच्या हिशोबासाठी फळ्याच्या कोपऱ्यात एकच आकडा: ३२६० (तरंगलांबी मायक्रॉनमध्ये गुणिले भिंतीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये, त्याची दुप्पट). दोन्ही बाजूंच्या पहिल्या काळ्या जागांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, ३२६० ला त्यानं भागा, जाडी मायक्रॉनमध्ये. पाचव्या काळ्या जागा घेतल्या तर ३२६० ची पाचपट.

१६ जुलै

ओळखीच्या वस्तूवर तपासणी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ४० नंबरची तांब्याची तार मिळाली, दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. ४० नंबर म्हणजे नुसतं तांबं ०.१२२ मिमी, वर इनॅमलचा थर. पाचव्या काळ्या जागांमधलं अंतर ११७ मिमी, म्हणून जाडी १३९ मायक्रॉन. स्क्रू गेज ०.१४ म्हणतो. वनस्पतिशास्त्र विभागाच्या सूक्ष्मदर्शकात, मोजपट्टीची काच लावून, १३८. पुढं जायला हरकत नाही.

मग अर्थातच प्रत्येकाला स्वतःचा केस मोजायचा होता. एका केसाला ४६ मिमी म्हणजे ७१ मायक्रॉन आला. तोच केस स्वतःभोवती पाव फेरा फिरवून लावला तर ५२ मिमी, म्हणजे ६३. केसाचा छेद गोल नसतो, लंबगोल असतो. लेझरला दिसते ती समोरून दिसणारी रुंदी. लोकरीलाही हेच लागू. म्हणून एका तंतूचं एक वाचन ही जाडी नव्हे; बऱ्याच तंतूंची, वाटेल तशा वळलेल्या, वाचनं घेतली तरच आकड्याला अर्थ.

२३ जुलै

पाऊस थांबत नाही. लोकरीचे पहिले तंतू लावले आणि भिंतीवर नुसता चिखल. पट्ट्या आहेत पण कडा नाहीत, ठिकठिकाणी ठिपके. कारण दोन. कच्च्या लोकरीवर मेण असतं आणि त्याला धूळ चिकटलेली असते. आणि विद्यार्थिनीनं काही तंतू घरच्या घोंगडीतून उपसून आणले होते. त्या ताण्याला विणताना चिंचोक्याची खळ लावलेली. म्हणजे आम्ही लोकर नव्हे, खळ मोजत होतो.

तिच्या आईनं सांगितलेला उपाय: रिठ्याचं कोमट पाणी, चोळायचं नाही, नुसतं बुडवायचं. चोळलं तर लोकर आवळून तिचा गोळा होतो. धुऊन सावलीत वाळवलेल्या तंतूवर पट्ट्या स्वच्छ. तरी तांब्याच्या तारेइतक्या कोरीव नाहीत. लोकरीवर खवले असतात, कड सरळ नसते. पहिल्या काळ्या जागेचं वाचन साधारण दोन मिमी इकडं-तिकडं होतं. ३० मायक्रॉनच्या तंतूला त्यानं अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. चालेल.

घोंगडीतले तंतू मोजणं बंद. लोकर थेट मेंढरावरून आणायची.

११ ऑगस्ट, म्हसवड

कोरेगावपर्यंत पावसानं गाडीच्या काचा बंद, पुसेगाव सोडलं की धूळ. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वर आणि माण. मेंढरं पावसाळ्यात इकडंच असतात, दिवाळीनंतर कळप चाऱ्यामागं बाहेर पडतात, म्हणून आत्ताच जाणं भाग होतं.

विद्यार्थिनीच्या आज्ज्यानं मला बाजेवर बसवलं आणि स्वतः कातर घेऊन मेंढराजवळ बसले. मी म्हणालो, "आबा, कुठलीही थोडी द्या, चालेल."

"कुटलीबी कशी चालंल, मास्तर? पाटीची येगळी, मांडीची येगळी. मांडीची राट आसती. ती घोंगड्यात कमी घालत्यात."

खांद्याकडची सगळ्यात बारीक, मागच्या मांडीची सगळ्यात जाड. लोकरीच्या पुस्तकातही हेच आहे, पण पुस्तक उघडायच्या आधी ते इथं कळलं याचं मला बरं वाटलं. खांदा, पाठ, मांडी अशा वेगळ्या पुड्या केल्या. जावळ गेल्या कातरणीचं ठेवलेलं होतं, सहा महिन्यांच्या कोकराचं, काळंभोर. काळ्या रंगाचा आम्हाला फायदा आहे: पांढऱ्या तंतूतून थोडा प्रकाश आरपार जातो आणि काळ्या जागा पुरत्या काळ्या राहत नाहीत.

गावात घोंगड्या विणणाऱ्या सनगरांचा खड्ड्याचा माग चालू होता, तोही बघितला. जावळाचं सूत इतकं कमी मिळतं की एका घोंगडीला बऱ्याच कोकरांची लोकर लागते. भाव का चढा, ते मुलांना मागावरच समजलं.

२० ऑगस्ट

या प्रकल्पातलं खरं अवघड काम आज सापडलं, आणि ते लेझरचं नाही.

एकाच पुडीतून तिघांनी तंतू काढले. एकाची सरासरी ४६, दुसऱ्याची ३९, विद्यार्थिनीची ३८. उपकरण तेच, भिंत तीच. बराच वेळ टेप आणि आलेख कागदाकडे संशयानं बघण्यात गेला. मग चिमटा कसा धरतात ते पाहिलं. पहिला मुलगा पुंजक्यातून बाहेर आलेलं टोक पकडून ओढत होता. बाहेर येतात ते लांब तंतू, हाताला लागतात ते जाड तंतू. बारीक, कुरळे आत दडून राहतात. म्हणजे मोजायच्या आधीच निवड झालेली.

एक तंतू मोजणं हे दहावीच्या मुलालाही अर्ध्या तासात जमेल. कुठला तंतू मोजायचा, तिथं प्रकल्प उभा राहतो किंवा पडतो. ऑस्ट्रेलियात लोकर लेझरवर तपासून मायक्रॉनच्या हिशोबानं विकली जाते; तिथंही गठ्ठ्यातून नमुना काढून त्याचे दोनेक मिलिमीटरचे तुकडे करतात आणि ते ढवळून मग किरणासमोरून सोडतात. लांबीचा पक्षपात तिथंच मरतो.

आमच्याकडे तुकडे चौकटीला चिकटणार नाहीत. म्हणून वेगळी रीत: पुंजका हातानं पिंजून पातळ पसरायचा, खाली चौकड्यांचा कागद, आणि रेषा जिथं एकमेकींना छेदतात त्या बिंदूच्या सर्वांत जवळचा तंतू घ्यायचा. आवडो न आवडो. तुटका असला तरी तोच. या रीतीनं तिघांच्या सरासऱ्या एक-दीड मायक्रॉनच्या आत आल्या.

५ सप्टेंबर

वाचनं चालू. गणपतीच्या आधी होईल तितकं पुरं करायचं. खोलीत अंधार हवा, म्हणून खिडक्यांना घोंगड्याच लावल्या आहेत.

२४ सप्टेंबर

जावळाचे १०० तंतू, मोठ्या मेंढीच्या पाठीचे १००. जावळाची सरासरी २९ मायक्रॉन, पाठीची ४१.

मुलं खूश. मी तितका नाही. कापडाच्या क्षेत्रात असं धरतात की साधारण ३० मायक्रॉनच्या पुढच्या जाड तंतूंची टोकं त्वचेला टोचतात. तंतूचं टोक कातडीवर टेकतं, वाकलं तर कळत नाही, न वाकता रुतलं तर टोचतं. मरिनोच्या अंगालगतच्या कपड्यांना १७ ते २२ मायक्रॉन का लागतं ते यावरून समजतं. पण मग आमच्या जावळातले तीसच्या वरचे तंतू काही थोडे नाहीत. तरी ती घोंगडी गालाला लावली तर टोचत नाही. सरासरीनं प्रश्न अर्धाच सुटतो.

८ ऑक्टोबर

जावळाचा एकच तंतू मुळाकडून टोकाकडे सरकवत नेला. मुळाकडं १०७ मिमी, म्हणजे साडेतीस मायक्रॉन. टोकापासून सेंटिमीटरभर अलीकडं १२५, म्हणजे २६. अगदी टोकाजवळ पट्ट्या उलगडत गेल्या: २१०, म्हणजे साडेपंधरा. किरण तीनेक मिमी उंच आहे, त्यामुळे हे त्या तुकड्याचं सरासरी माप. खरं टोक याहूनही बारीक असणार.

मोठ्या मेंढीच्या तंतूला असं काही नाही. इकडून तिकडं ४० च्या आसपास, आणि दोन्ही टोकं कातरीनं तोडलेली, बोथट. कोकराचा पहिला केस जन्मल्यापासून कधी कापलेला नसतो, त्याचं एक टोक निमुळतंच राहतं. पुढच्या कातरणीपासून ते टोक गेलं ते गेलं. वय वाढून लोकर जाड होते हा एक भाग, पण दुसऱ्यांदा मऊ का येत नाही याचं मोठं उत्तर इथं असावं असं मला वाटतं. हे विद्यार्थिनीनं आपण होऊन सरकवून पाहिलं, मी सुचवलं नव्हतं. अहवालात तसं लिहायला सांगितलं.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. आमची खोली केंद्रासाठी घेतली, भिंतीवरचा आलेख कागद काढावा लागला. टाइल्सवर खडूनं खुणा करून ठेवल्या आहेत.

२६ नोव्हेंबर

मांडणी पुन्हा लावली. अंतर परत मोजलं, तांब्याची तार परत लावली: ११७. मग जुलैत ठेवून दिलेला जावळाचा एक तंतू, चौकटीसकट, त्याच जागी. तेव्हा १०१ मिमी आला होता, आता १०५. म्हणजे ३२.३ वरून ३१. तंतू तोच, हवा वेगळी. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी ओली न वाटता पिऊ शकते, आणि त्यानं फुगते. प्रयोगशाळेत लोकर २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत तपासायची असते ती यासाठीच. साताऱ्याच्या जुलैत ते शक्य नव्हतं. दोन्ही नमुने मात्र एकाच आठवड्यांत आलटून पालटून मोजलेले असल्यानं २९ आणि ४१ यांची तुलना टिकते. सुटे आकडे मात्र खऱ्यापेक्षा दोन-चार टक्के जास्त आले आहेत असं धरावं.

१० डिसेंबर

अहवालाचा शेवटचा भाग, आणि मला यातला सगळ्यात पटलेला.

टोकावर दाब आला की तंतू किती जोरापर्यंत न वाकता उभा राहतो, हे जाडीच्या चौथ्या घातावर जातं. ४१ ला २९ नं भागलं तर १.४१, त्याचा चौथा घात ४. सरासरीत दीडपटही फरक नाही, टोचण्यात चौपट. आता पाठीच्या शंभरांत ६० च्या वरचे अकरा तंतू आहेत. ३० च्या तंतूपेक्षा ६० चा सोळापट ताठ. जावळात ६० च्या वर एकही नाही. म्हणजे घोंगडी टोचते ती सगळी मिळून टोचत नाही, त्या अकरा जणांमुळे टोचते. आलेखात ते उजव्या कोपऱ्यात इतके ठेंगणे दिसतात की मुलांनी पहिल्या कच्च्या प्रतीत ते "इतर" म्हणून एका रकान्यात टाकले होते. मी तो रकाना फोडून घेतला.

मांडीच्या पुडीत पांढरे, ठिसूळ, आतून पोकळ असे केसही निघाले. लेझरवर त्यांच्या पट्ट्या नीट येत नाहीत. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, बरेचसे ८० च्या पुढं. आबा कमी घालतात ते हेच.

विद्यार्थिनीनं हे सगळं फोनवर आज्ज्याला समजावून सांगितलं. मी शेजारीच होतो. ते म्हणाले, "मग राट लोकर वाईट म्हंता व्हय? मास्तरास्नी सांग, जावळाचं हातरायला. पावसात खोळ घ्यायची ती राटच घ्येतो मी, पानी वघळून जातं. जावळ पावसात न्हेलं तर दोन दिस वाळत न्हाई."

हे आम्ही मोजलेलं नाही. मोजता येईल: दोन्ही लोकरीचे सारख्या वजनाचे तुकडे, सारखं पाणी, आणि दर तासाला तराजू. पुढच्या गटासाठी विषय म्हणून वहीत टाकला आहे. पुड्या कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवल्या, खांद्याची अजून उघडलेलीच नाही.